बारशीचा उपास

१

कपाटात आठ पिशव्या असायला हव्या होत्या. सारिकानं तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा पाचच भरल्या.

पवनानगरच्या पुढं, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या गावात रखमाजींचं घर होतं. सोमवारी त्यांना तळेगावच्या हॉस्पिटलातून घरी आणलं आणि त्यांच्यामागून टेम्पोत निम्मं हॉस्पिटल आलं. वरखाली होणारी खाट आली, सलाईनचा स्टँड आला, बोटाला लावायचं मशीन आलं आणि डॉक्टर रोज ज्याच्यातून डोकावणार होते तो टॅबही आला. दिवसभर रखमाजींजवळ बसायला निर्मला नावाची मुलगी आली. इंजेक्शन आणि ड्रेसिंग करायला सकाळ-संध्याकाळ सोमाटण्याहून स्कूटीवर सारिका यायची. हल्ली असंच असतं बाबा. सलाईन तेच, डॉक्टर तेच, फक्त खिडकीतून पार्किंगऐवजी आपली म्हैस दिसते.

रखमाजींच्या आतड्यात गाठ होती. ती काढली, आणि आतलं भरून येईपर्यंत तीन महिने शौचाची वाट पोटावरच काढून दिली. त्या वाटेवर चिकटणारी पिशवी लावायची, भरली की रिकामी करायची, तीन-चार दिवसांनी बदलायची. दहा पिशव्यांचा खोका सोमवारी आला होता आणि दोन वापरल्या होत्या. आज शुक्रवार. पुढचा खोका महिन्यानं मिळणार होता, आणि पिशव्या संपल्या तर रखमाजींना उचलून परत तळेगावला न्यावं लागणार होतं.

आता हे सगळं घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पंगतीत पहिलं पान ज्यांचं, गावातली भांडणं ज्यांच्या ओटीवर मिटायची, त्या रखमाजींच्या पोटावर असली पिशवी आहे हे सांगायचं कुणाला? म्हणून भावकीला 'हर्निया' सांगितला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांच्या बायकोनं, धोंडाबाईंनी, खोका वर्तमानपत्रात गुंडाळून मधल्या खोलीच्या कपाटात लुगड्यांखाली दडवला होता. तो कुठं आहे हे पाचच माणसांना माहीत होतं. रखमाजी, धोंडाबाई, मुलगा निलेश, सारिका आणि निर्मला.

त्या दिवशी एकादशी होती. रखमाजींना बघायला भावकीतल्या चार बायका ओटीवर येऊन बसल्या होत्या. त्यात दत्तोबांची रतनबाई होती. दत्तोबा म्हणजे रखमाजींचे चुलतभाऊ. रतनबाई रोज यायची, दाराच्या उंबऱ्याशी बसायची आणि कशाला म्हणून हात लावायची नाही. चहा घ्यायची तेवढा. खायला काही पुढं केलं की म्हणायची, आज माझा सोमवार, आज माझा मंगळवार. बाई मोठी देवभोळी, असं सगळे म्हणत.

"घरातलं घरातच कशाला चोरंल कुनी?" धोंडाबाई म्हणाल्या. आवाज काही त्यांनी दाबला नाही.

सारिकानं निर्मलाकडं पाहिलं. निर्मला वर डोंगरातल्या ठाकरवाडीची. चोवीस वर्षांची, कामाला वाघीण, बोलायला कमी. सारिकाला आपल्या शिस्तीचा फार अभिमान होता. तिनं विचार केला नाही. "तुझी सॅक दे," म्हणाली, आणि तिथंच, ओटीवर, चार बायकांच्या देखत तिनं ती उलटी केली.

फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी निघाली. एक कंगवा, एक ड्रेस, आणि प्लॅस्टिकमध्ये बसवून घेतलेलं रुग्णसेवेच्या कोर्सचं सर्टिफिकेट निघालं. पिशवी एकही निघाली नाही. निर्मला खाली बसली आणि एकेक वस्तू घडी करून परत भरू लागली. रतनबाईनं तेवढा पदर तोंडावर ओढून घेतला.

तरी सारिकानं तळेगावला हॉस्पिटलच्या ऑफिसात फोन केला. औषधाचं सामान कमी होतंय, संशय आहे, बाई बदला. ऑफिसनं निर्मलाच्या नावापुढं 'काम बंद' लिहिलं, आणि निर्मला दुपारच्या उन्हात वाडीची वाट चढून गेली.

२

दुसऱ्या दिवशी बारस. एकादशीचा उपास सोडायचा म्हणून धोंडाबाईंनी वरण-भात, पुऱ्या, खीर असं साग्रसंगीत केलं होतं. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून भावकीतल्या बायकांनाही जेवायला बोलावलं होतं. सारिका त्या दिवशी ड्रेसिंगला उशिरा, दुपारी आली तेव्हा धोंडाबाईंनी तिला हाताला धरून पाटावर बसवलं. इंद्रायणी तांदळाचा नवा भात होता. सारिका पोटभर जेवली, आणि तिचा जरा डोळा लागतो की काय असं झालं.

रतनबाई मागच्या दाराशी बसली होती. "माझा आज शनवार," ती म्हणाली. मग कुणीतरी तिच्या उपासांवरून थट्टा केली, बाकीच्या हसल्या, तीही हसली. थोड्या वेळानं उठून मागं न्हाणीकडं गेली.

जेवणं उरकल्यावर सारिकानं कपाट उघडलं. लुगडी बाजूला केली, खोका काढला आणि मोजलं.

चार.

काल संध्याकाळी तिनं स्वतः पाच मोजून ठेवल्या होत्या. निर्मला काल दुपारीच गेली होती, आणि वाडी इथून दीड तासाच्या चढावर. म्हणजे चोर अजून याच घरात ये-जा करत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आपणच केलं, आणि चार बायकांच्या साक्षीनं केलं, हे सारिकाला तेव्हा उमगलं. एका गरीब मुलीची भाकरी आपण भुईवर ओतली, असं तिच्या मनात आलं आणि ते काही केल्या जाईना.

तिनं तिथूनच ऑफिसला फोन लावला. निर्मलाचं नाव काढा, म्हणाली. साहेब म्हणाले, असं तोंडी कसं निघेल, खरा चोर कोण ते कळू द्या आणि मग लेखी द्या. सोमवारी दुपारी 'काम बंद' केलेल्यांची यादी पुण्याच्या मुख्य ऑफिसात जाणार होती. एकदा ती गेली की निर्मलाला पुन्हा कुठलंच हॉस्पिटल दारात उभं करणार नव्हतं.

सारिकाच्या हातात दोन दिवस होते.

३

निलेश धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावतो. शनिवारचे पाहुणे यायचे होते, त्याची धावपळ चालली होती. सारिकाला त्याचाच संशय पहिल्यांदा आला, कारण ऑफिसातून तिला कळलं होतं की वडिलांना परत हॉस्पिटलात घेता येईल का, असं त्यानं दोनदा फोन करून विचारलं होतं. पिशव्या संपल्या की ते आपोआपच झालं असतं.

तिनं सरळ विचारलं. निलेश खाली बघत दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, मी कपाटाजवळ जातच नाही, सिस्टर. बाप घरी आल्यापासून त्याच्या खोलीत तो फक्त दारापर्यंत गेला होता. वास सहन होत नाही म्हणून तंबूतच झोपत होता. "लहान असताना म्हातारा मला खांद्यावर घेऊन आंबीच्या जत्रंला न्यायचा," तो म्हणाला, "आन् मी त्याच्या खाटंपर्यंत जाईना. फोन म्हनून केला." त्याचे डोळे भरून आले होते, आणि खोटं बोलणारा माणूस स्वतःची इतकी लाज काढत नाही.

धोंडाबाईंचंही तेच. त्यांनी आधी आवाज चढवला, मग चुलीपुढं बसून रडायला लागल्या. खोका दडवला तेव्हा हात लावला तेवढाच, म्हणाल्या. चाळीस वर्षं संसार केला, पण ती पिशवी बघितली की पोटात ढवळतं. वापरलेल्या पिशव्या मागं पुरायचं कामही निर्मलाच करायची. सारिकानं जाऊन पाहिलं तर सकाळपासून रखमाजींची पिशवी कुणी रिकामी केली नव्हती. तिनं ती केली.

रखमाजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं होतं, पण चादर सरकेल म्हणून ते खाटेवरून उतरत नव्हते. त्यांना खाटेवरून कपाट गाठणंच शक्य नव्हतं.

"आबा, पिशव्या कोण नेत असेल?" सारिकानं विचारलं.

"मला काय इचारता. मी तिकडं बघतबी न्हाई." मग म्हणाले, "ती पोरगी तेवढी नाक मुरडत नव्हती. तिला तुमी घालवली."

घरातले तिघेही निर्दोष होते, आणि तिघांचं कारण एकच. त्या पिशव्यांना हात लावायची त्यांना शिसारी येत होती. मग ज्याला शिसारी येत नव्हती असं कोण होतं?

४

हात धुवायला ती मागच्या न्हाणीत गेली. तांब्या उचलला तर बुडाला काहीतरी चिकटलेलं. तिनं नखानं सोडवलं. पाठीला कागद असलेली, मऊ, तपकिरी रंगाची एक छोटी गोल चकती होती ती.

सारिकानं ती चटकन ओळखली. पिशवी नवी असते तेव्हा तिला भोक नसतं. मोजायच्या पट्टीनं पोटावरच्या वाटेचं माप घ्यायचं, तेवढं गोल आखायचं आणि कात्रीनं कापायचं. कापलेली चकती फेकून द्यायची. रखमाजींच्या दोन्ही पिशव्या तिनं स्वतः कापल्या होत्या, आणि खाटेजवळ बसून कापल्या होत्या. न्हाणीत चकती आली कुठून?

तिनं पट्टी आणून माप घेतलं. रखमाजींचं भोक अडतीस मिलिमीटरचं, चांगलं लिंबाच्या फोडीएवढं. ही चकती पंचवीसची होती, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी.

तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा पंचवीस. ती न्हाणीच्या दगडावर बसली. ऑपरेशन ताजं असलं की ती जागा सुजलेली असते, मोठी असते. महिने गेले की आक्रसून लहान होते. म्हणजे ही पिशवी रखमाजींच्या पोटासाठी कापलेलीच नव्हती. विकायला नेणाऱ्यानंही ती कापली नसती, आणि विकायचीच असती तर त्यानं अख्खा खोका उचलला असता, अशी एकेक करून नेली नसती. ही नेणाऱ्याला एकेकच लागत होती. न्हाणीत घाईघाईनं बसून लावावी लागली, इतकी लागत होती.

या गावात अशी वाट असलेलं आणखी एक पोट होतं, आणि ते कुणाला माहीत नव्हतं.

५

रविवारी सकाळी सोमाटण्याहून येताना सारिका स्कूटीवर हाच विचार करत होती. त्या पोटाचं माणूस या घरात रोज येतं. मधल्या खोलीतून मागच्या दारानं जातं. खोका न दाखवता ओळखतं, कारण त्या वासाची आणि चादरीखालच्या सळसळीची त्याला सवय आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि असं माणूस दुसऱ्याच्या घरी बसायचं असलं की काय करेल? ते जेवणार नाही. खाल्लं की पिशवी भरते.

तिनं स्कूटी बाजूला घेतली आणि बोटांवर मोजलं. सोमवारी सोमवार. मंगळवारी मंगळवार. बुधवारी कसलासा नवस. गुरुवारी मार्गशीर्षातला गुरुवार. शुक्रवारी एकादशी. इथपर्यंत चालून गेलं असतं. पण शनिवारी बारस होती. एकादशी धरणारी बाई बारशीला दोन घास खाऊन उपास सोडल्याशिवाय राहत नाही, नाहीतर केलेली एकादशी वाया जाते. हे सारिकाला आजीनं शिकवलं होतं, आणि त्या पंगतीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. बारशीच्या ताटाला पाठ करून शनिवार धरला तो एकीनंच. आणि तिच्या देवभक्तीला सगळ्या हसल्या, त्यात सारिकाही हसली होती.

रतनबाई अंगणात भात वाळत घालत होती. एकटीच होती. सारिकानं काही विचारलं नाही, नुसती चकती तळहातावर धरली.

रतनबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि सारिकाला आत ओढलं. दार लावून घेतलं. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं होतं. तिची वाट कायमचीच होती. गावात पित्ताचा खडा म्हणून सांगितलं. दत्तोबा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यानं दिलेल्या पिशव्या संपल्या. पवनानगरचा मेडिकलवाला भावकीतला, त्याला कसं विचारायचं? पुण्याला पुन्हा जायला दत्तोबाला दोनदा म्हणाली, तो गप्प बसला. तेव्हापासून दुधाच्या पिशव्या कापून, फडकी बांधून ती दिवस काढत होती. लग्नाला जायची नाही, माहेरी जायची नाही, उपासाचं निमित्त करायची. पदर जरा बाजूला करून तिनं दाखवलं. भोवतीची कातडी लाल होऊन सोलवटली होती, त्यामुळं चांगली पिशवीही तिथं दीड दिवसाच्या वर चिकटत नव्हती. सारिकानं पुष्कळ जखमा पाहिल्या होत्या, पण तिला तिथं बघवेना.

"पहिल्या दिशीच वळखलं मी," रतनबाई म्हणाली. "धोंडाजाऊ कपाट उघडून बघून आली, तवा कुटं ठेवलंय तेबी कळलं. येक घेतली, वाटलं पुन्हा न्हाई घ्यायची. पर दोन वर्सांत पयल्यांदा रातभर कोरडी झोपले, बाई." मग तिनं सारिकाचा हात धरला. "कुनाला सांगू नगा. मी जीव देईन."

हिचं नाव सांगावं तर हिचं झाकलेलं उघडं पडणार. न सांगावं तर निर्मलाच्या नावावर चोरी कायमची लागणार.

६

त्याच दुपारी वाडीत निर्मला नाचणी पाखडत होती. सारिका चढ चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. निर्मलानं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं, आणि पुन्हा सुपाकडं वळली.

सारिका म्हणाली, तू नेल्या नाहीत हे मला कळलंय. कोणी नेल्या तेही कळलंय.

"मलाबी ठावं हाय, ताई," निर्मला म्हणाली. "बुधवारपासनं. त्यांच्या पदराखालची सळसळ मी वळखली."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

निर्मलानं सूप थांबवलं. "माझी सॅक उलटी केली तर भाकर निघाली. मी त्यांचं नाव घेतलं असतं, तर तुमी त्यांचा पदर उचलला असता. चार बायांत. मी दिसभर आबांचं करत हुते, मला ठावं हाय तितं काय असतं ते."

सारिका मान खाली घालून बसली. पंधरा वर्षं नर्सिंग केलं, आणि रोग्याची लाज कशी राखायची हे आपल्याला या मुलीनं दाखवावं, याची तिला इतकी शरम वाटली की डोळे वर होईनात. तिनं विचारलं, मी आता काय करू?

"जितं सॅक वतली तितंच सांगा," निर्मला म्हणाली. "त्याच बायांपुढं. त्यांचं नाव नगा घेऊ."

सोमवारी सकाळी रखमाजींच्या ओटीवर त्याच चार बायका होत्या. सारिका उभी राहिली. निर्मलानं काही चोरलं नव्हतं, म्हणाली. मी पुरावा नसताना तिची झडती घेतली आणि तिला कामावरून काढायला लावलं. चूक माझी.

"मंग नेलं कुनी?" धोंडाबाईंनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. आता कुजबुज सुरू होणार आणि ती निर्मलावरच येऊन थांबणार, हे सारिकाला दिसत होतं. सारिकाबरोबर आलेली निर्मला खांबाशी उभी होती. तेवढ्यात उंबऱ्यावरून रतनबाई उठली.

"मी नेल्या," ती म्हणाली. "मलाबी तेच झालंय, जे भावजींना झालंय. हर्निया न्हाई ते."

रतनबाई चौकटीला धरून उभी होती. आतून खाट करकरली. रखमाजी आठ दिवसांत पहिल्यांदा आपल्या पायांनी दारापर्यंत आले, एका हातात सलाईनचा स्टँड, आणि पोटावर चादर नव्हती.

"वैनी," ते म्हणाले, "दोन वर्सं?"

रतनबाईनं मान हलवली. रखमाजींनी निर्मलाला सांगितलं, राहिलेल्यातल्या दोन वैनींना दे आणि कशा लावायच्या ते नीट दाखव. मग त्यांनी धोंडाबाईंकडं पाहिलं, आणि धोंडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दोघांच्या खोक्यांसाठी तळेगावला बोलायचं सारिकानं कबूल केलं. बायका आता रतनबाईभोवती जमल्या होत्या, कुणी तिची पाठ कुरवाळत होतं. निर्मलाकडं मात्र एकीनंही वळून पाहिलं नाही.

सारिकानं पाहिलं. ती ओटीच्या कडेला बसली आणि ऑफिसला द्यायचं पत्र लिहायला घेतलं. यादी दुपारी जाणार होती. चार ओळी लिहून तिनं कागद निर्मलापुढं धरला. "वाच. बरोबर आहे का बघ."

निर्मलानं हात पुसले आणि सावकाश वाचलं. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हितं 'गैरसमज झाला' असं लिवलंय तुमी," ती म्हणाली. "गैरसमज न्हाई झाला, ताई. घरात पाच जनांना ठावं हुतं, तुमी माझीच सॅक मागितली. मी वाडीवरची म्हनून मागितली. तसं लिवा."

सारिकानं तिच्याकडं पाहिलं. मग ती ओळ खोडली, आणि निर्मला म्हणाली तसं लिहिलं.